बक्षीस मिळालं, गाड्यांचं काम चालू आहे

इथे मिशिगनमध्ये मार्च उजाडला की शाळांच्या जिममध्ये रोबो धावायला लागतात. डीन केमन या संशोधकाने उभ्या केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची ही हायस्कूलच्या मुलांची रोबो बनवायची स्पर्धा १९९२ पासून चालू आहे आणि अमेरिकेत सर्वांत जास्त टीम्स आमच्या राज्यात आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला रोबोंनी खेळायचा त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो. तिथून पुढे मुलं शाळा सुटली की वर्कशॉपमध्ये, ती रात्री जेवायलाच घरी.

आमच्या गावातल्या शाळेच्या टीमने यंदा डिस्ट्रिक्टची फेरी जिंकली. विजेत्यांना निळा बॅनर मिळतो, तो जिमच्या भिंतीवर लागला, फोटो झाले, पिझ्झा झाला. पुढच्या शनिवारी सकाळी तीच मुलं वर्कशॉपमध्ये खेळण्यातल्या गाड्या उलट्या करून बसली होती.

लहान मुलं आत बसून चालवतात त्या बॅटरीवरच्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतीलच. ज्यांना पाय नीट हलवता येत नाहीत अशा बाळांसाठी या गाड्या बदलून द्यायच्या, ही कल्पना तेव्हा डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या कोल गॅलोवे यांची. उपक्रमाचं नाव 'गो बेबी गो'. इतक्या लहान वयात मोटरची व्हीलचेअर सहसा मिळत नाही, आणि मिळाली तरी किंमत परवडत नाही. या गाडीचं पेडल म्हणजे शेवटी एक स्विचच. त्याच्या वायरी काढून स्टिअरिंगवर बसवलेल्या मोठ्या लाल बटणाला जोडायच्या, सीटभोवती पीव्हीसी पाइपची चौकट करायची, तिला फोम गुंडाळायचा, पाठीला आधार द्यायचा आणि मागच्या बाजूला पालकांसाठी गाडी बंद करायची कळ ठेवायची.

मी तिथे हाताखाली मदतीला असते. त्या दिवशी एक अडीच वर्षांची मुलगी आली होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला बसवून पाहिलं आणि म्हणाल्या, हिचा डावा हात जास्त चालतो, बटण डावीकडे घ्या. झालेलं सोल्डरिंग पुन्हा उकललं गेलं. कुणी कुरकुर केली नाही. मग तिने बटण दाबलं, गाडी हलली तशी दचकून हात काढला, गाडी थांबली. पुन्हा दाबलं. थोड्या वेळात ती थेट भिंतीच्या दिशेने निघाली आणि आईला मागून धावत जाऊन कळ बंद करावी लागली. स्वतःहून कुठेतरी निघायची तिची ती पहिलीच वेळ होती, हे आईने नंतर सांगितलं.

या स्पर्धेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार रोबोला मिळतच नाही. इम्पॅक्ट अवॉर्ड, म्हणजे पूर्वीचा चेअरमन्स अवॉर्ड, टीमने समाजात काय केलं यावर ठरतो. त्यामुळे कुणी म्हणेल, सेवासुद्धा बक्षिसासाठीच. काही ठिकाणी तसं होतही असेल. म्हणूनच मी बक्षीस समारंभानंतरचे महिने बघते. बारावीच्या मुलांना तोवर कॉलेजांची उत्तरं आलेली असतात, अर्जात दाखवायला सेवेचे तास लागत नाहीत. तरी आमच्याकडची बारावीची मुलं मे महिन्यात येत होती. स्वतः काम उरकण्यापेक्षा नववीच्या मुलांना शिकवण्यात त्यांचा जास्त वेळ जात होता: वायर कुठे कापायची, टोकदार कड कशी शोधायची, आईबाबांशी बोलताना बाळाशीही कसं बोलायचं. एका मुलीने तर ठरवूनच हात पाठीमागे बांधून ठेवले होते. धाकट्याचं सोल्डरिंग बिघडत होतं, पण तिने हात लावला नाही, नुसतं सांगत राहिली. मला या मुलांचा फार अभिमान वाटतो.

गावाकडच्या शिक्षक मंडळींसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. अशा गाड्या आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानात मिळतात, आणि ज्या शाळांत सरकारी योजनेतली अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे सोल्डरिंगचं सामानही असतं. फक्त पहिल्या दिवसापासून एखादा बालकांचा फिजिओथेरपिस्ट सोबत घ्या. बटण कुठल्या हाताला हवं, पाठीला आधार किती हवा, हे तेच सांगू शकतात.