पोकळ खांब

खांब दिसला की बोटाच्या पेरानं त्याच्यावर टकटक केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बँक असो, दवाखाना असो, कुणाचा दिवाणखाना असो. आजूबाजूचं लक्ष नाही एवढं पाहायचं आणि हळूच वाजवायचं. आवाज न येता नुसतं पेर दुखलं, तर खांब अस्सल. छत खरोखरच त्याच्या डोक्यावर आहे. ‘डब्ब’ आलं, तर आत हवा. लोक अस्सल वस्तूला दाद देतात. मला डब्ब ऐकून बरं वाटतं. का, ते विचारू नये.

परवा दुपारी भाच्याकडे गेलो तर मागच्या खोलीत सहा खांब आडवे पडले होते, भरपेट जेवून वामकुक्षी घेत असल्यासारखे. ‘मामा, ओलांडून ये, रंग ओला आहे,’ आतून आवाज आला. घरातल्या घरात सिनेमाची खोली करतोय तो. प्रोजेक्टर आला, पडदा आला, आता खांब. छत केव्हाचं भिंतींवर बसलेलं आहे, त्याला आणखी आधार नको आहे. तरी ‘खांब कशाला?’ असं मी विचारलं नाही. थिएटर म्हटलं की खांब हवेत. ज्याला हे सांगावं लागतं त्यानं बाहेरच्या खोलीत टीव्ही बघावा.

खांब म्हणजे काय, तर प्लायचं तीन बाजूंचं खोकं. चौथी बाजू भिंत. खालच्या निम्म्यात लाकूड, वरच्या निम्म्यात कापड ताणलेली चौकट. दोन खांबांच्या पोटात स्पीकर जाणार, बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या रेषेत किंवा जरा मागे. समोरून मोजलं तर ९० ते ११० अंशांच्या मध्ये कुठेतरी. बाकीच्या चौघांत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, ठासायची, नाहीतर रिकामं खोकं स्वतःच घुमायला लागतं. कापड कुठलंही चालत नाही. तोंडाला लावून फुंकर मारायची. ती सहज पलीकडे गेली तर आवाजही जातो. भाच्यानं म्हणे दुकानातले सगळे तागे असे फुंकून पाहिले. दुकानदार काय म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही.

गुण्याची, म्हणजे काटकोनाची, गोष्ट वेगळी. घरातली एकही भिंत गुण्यात नसते, हे खांब उभे करायला घेतल्यावर कळतं. तोवर आपण त्याच भिंतींमध्ये सुखानं राहत असतो. तळाची आणि माथ्याची पट्टी ४५ अंशांत कापून कोपऱ्यात जुळवायची म्हटली की एका कोपऱ्यात फट आणि दुसऱ्यात पट्टी बसतच नाही. त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासतात, रंग देतात आणि गप्प बसतात.

मग आरशाचं काम निघालं. मला मधल्या खुर्चीत बसवलं. ताईच्या हातात आरसा दिला आणि तो भिंतीला चिकटवून पुढून मागे सरकवायला सांगितला. मी नुसतं आरशात बघत राहायचं आणि समोरचा स्पीकर दिसला की ‘थांब’ म्हणायचं. जिथे दिसतो तिथूनच त्याचा आवाज भिंतीवर आपटून कानात शिरतो, म्हणून खांब नेमका तिथे हवा, पोटात लोकर घेऊन. ताई म्हणाली, ‘आयुष्यात पहिल्यांदा आरसा हातात आहे आणि त्यात बघायचं दुसऱ्यानं.’ पेन्सिलीनं खूण झाली. खालचे सूर मात्र असल्या खांबांना दाद देत नाहीत. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, वीतभर लोकरीचं तिला काय!

आमच्या शाळेच्या संमेलनात एकदा प्रल्हाद होता. चित्रकलेच्या सरांनी कामट्या आणि खोक्यांचे पुठ्ठे घेऊन खांब केला, वर पांढरा कागद चिकटवून त्यावर निळसर शिरा ओढल्या. पुढून पाहिलं तर संगमरवर. दोन उभ्या फाका होत्या. मागून त्या मिटून धरायच्या आणि हिरण्यकशिपूची लाथ बसली की सोडून द्यायच्या, हे माझं काम. आत नरसिंह. सुतळीची आयाळ, तोंडाला रंग, वर दिव्यांचा उकाडा, आणि प्रवेश तर संपता संपत नव्हता. मी मागे बसून पुठ्ठ्यावरचे छापील शब्द वाचत होतो: ‘ही बाजू वर ठेवा’. बाण खाली होता. खळीचे ओघळ वाळून पिवळे पडले होते. पलीकडे राजा गरजला, ‘सांग, आहे का तुझा देव या खांबात?’ आणि खांब शिंकला. चांगला दणकून. हिरण्यकशिपू जराही डगमगला नाही. ‘आहे म्हणायचा!’ असं म्हणून त्यानं लाथ घातली. एवढी टाळी पुढे प्रत्यक्ष नरसिंहालाही मिळाली नाही.

भाच्याच्या दोन खांबांतही कुणीतरी गुरगुरणारच आहे, फक्त रिमोट आपल्या हातात.

नकली खांबांना नाकं मुरडणाऱ्यांनी भाज्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहात जाऊन उभं राहावं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं काम. तिथले खांब सरळ उभे नाहीत, वर जाताना आत कलले आहेत. लाकडी बांधकामात छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलायचा, म्हणून ते असे कलते रोवायचे. इथे तर खांब, छत, भिंती सगळा एकच डोंगर. ढकलणार कोण? पण खांब म्हटला की तो कललेलाच हवा, ही सवय कारागिरांच्या हातात बसलेली. शिवाय दगडी छताला आतून खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत, कार्ल्याच्या लेण्यातही आहेत. डोंगराला लाकडाचा आधार! मला हे फार आवडतं. एवढ्या मोठ्या माणसांनी एवढं बिनकामाचं काम इतकं मन लावून केलं म्हणजे आपल्याला थोडी मोकळीक आहे.

भाच्याला खांबावर उभ्या पन्हळी हव्या होत्या. ग्रीकांच्या डोरिक खांबाला वीस आणि आयोनिकला चोवीस असतात, शिवाय अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाचे खांब मधे किंचित फुगवलेले आहेत, हे मी शहाणपणानं सांगून टाकलं. त्यानं पुढची रुंदी मोजली. ‘पाच मावतात,’ म्हणाला. फुगवट्याबद्दल तो काही बोलला नाही. प्लायला तो आपोआप येतो, पावसाळ्यात.

मग रंग. काळपट तपकिरी, अजिबात चमक नसलेला. चमक असली तर पडद्याचा उजेड पकडते आणि सिनेमाभर डोळ्यांच्या कोपऱ्यात लुडबुडते. पन्हळींतही तोच, माथ्यावरच्या नक्षीलाही तोच. ‘प्रोजेक्टर लागला की खांब दिसता कामा नयेत,’ तो म्हणाला. तोवर त्यांच्यावर एकेक छोटा दिवा, उजेड वर आणि खाली पाडणारा.

१९२३ मध्ये ह्यूस्टनच्या मॅजेस्टिक थिएटरात जॉन एबर्सन या वास्तुकारानं प्रेक्षकांच्या डोक्यावर रात्रीचं आकाशच करून ठेवलं होतं. निळं छत, त्यात तारे, यंत्रानं सरकणारे ढग. पुढे तशी थिएटरं बरीच निघाली, प्लास्टरच्या कमानी नि खांबांनी भरलेली. पण एकदा पडदा उजळल्यावर कोण मान वर करतंय?

‘म्हणजे दिवे लागलेत तोवर सिनेमा नाही,’ मी म्हणालो, ‘आणि सिनेमा लागला की खांब नाहीत.’

तो पट्टी घासत होता. ‘मामा, इंटरव्हल असतो ना.’

‘घरी कसला इंटरव्हल?’

‘मी घेणार,’ तो म्हणाला आणि पॉलिशपेपरचा नवा तुकडा फाडला.