कपडे वाळत घालताना

एखाद्या ठिपक्याकडे टक लावून बघा. नजर जराही हलवायची नाही. थोड्या वेळाने आजूबाजूचे फिकट रंग विरायला लागतात, काही तर चक्क दिसेनासे होतात. इग्नाझ ट्रॉक्सलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १८०४ मध्येच हे नोंदवून ठेवलंय. डोळ्यापुढचं चित्र बदललंच नाही, की त्याची दखल घेणं हळूहळू बंद होतं. एरवी आपल्याला सगळं दिसत राहतं, कारण एकटक बघतानाही डोळ्यांची बारीक थरथर चालूच असते.

हे वाचलं आणि मला माझेच दिवस आठवले. तेच घर, तीच माणसं, तेच काम. त्यात आनंद नव्हता असं नाही, तो दिसायचा बंद झाला होता. अशा वेळी वाटतं की आता काहीतरी मोठं घडायला हवं. १९७८ मध्ये अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास केला होता. मित्राशी गप्पा, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक, मासिक वाचणं अशा साध्या गोष्टींत या लोकांना इतरांपेक्षा कमी आनंद वाटत होता! अभ्यास छोटाच होता, पण मला तो फार पटतो.

माझ्यापुरतं म्हणाल तर हे सगळं कपडे वाळत घालताना उलगडलं. घरात हे काम मी आणि बाबा मिळून करतो. काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेली आहे. चादर झटकायला दोन माणसं लागतात, म्हणून दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. "हं, आता!" असं ते म्हणतात आणि आम्ही एकदम झटका देतो. फट्ट असा आवाज होतो, बारीक तुषार तोंडावर उडतात, उन्हात क्षणभर चमकतात. गार पाण्याने दंडावर काटा येतो. वर्षानुवर्षं हे काम करताना माझं डोकं पुढच्या कामात असायचं. तोंडावर पाणी उडायचं तेव्हाही, पण मी तिथे नसायचे.

बाबा मात्र असतात. बादलीतला एकेक कपडा बोटांनी चाचपून ते कोणाचा ते सांगतात. कॉलर कुठे विरली, कुठला पंचा आता फडक्यालाच लायक झालाय, सगळं त्यांना माझ्याआधी कळतं. त्यांचं बघून मीही कधीकधी डोळे मिटून कपडे ओळखायला लागले. कधी दोरीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करते. एवढ्याशा बदलानेही हात जागे होतात.

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं होतं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: मन सुखाच्या विचारांत रमलेलं असतानाही लोक हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त आनंदी नव्हते. कपडे वाळत घालण्यापेक्षा त्या वेळी रंगवलेलं सुट्टीचं स्वप्न जास्त सुखाचं, असं मी किती गृहीत धरून चालले होते!

एक मात्र स्पष्ट सांगते. आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तिथे चादरी झटकून भागत नाही. डॉक्टरांकडे जावं, लवकर जावं.

आणि जागं राहिलं की सुखच तेवढं लागतं असंही नाही. शर्टाचं बटण शोधताना बाबांची बोटं कापडावर अडखळतात, ते आता मला आधीपेक्षा जास्त दिसतं. आत तुटतं. तरी ते न दिसणं मला नको आहे.

काल त्यांनी माझा शर्ट हातात धरून ठेवला. "अगं, हे तिसरं बटण लोंबतंय. दे इकडे, मी लावतो." मी नको म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि सुईदोरा आणायला उठले. ओवून मी द्यायचं, टाके ते घालणार, असं ठरलंय.