हस्तातले तारकागुच्छ : वयाची दुसरी फेरी

मागच्या नोंदीत माझ्या यादीतल्या 17 क्रमांकाच्या तारकागुच्छाचं वय मी सुमारे 80 कोटी वर्षं लिहिलं होतं. ते खोडा. तो 40 लाख वर्षांच्या आसपासचा आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात : हस्त नक्षत्रातल्या अँटेना दीर्घिका, म्हणजे एनजीसी 4038 आणि 4039. दोघींची टक्कर चालू आहे, त्यामुळे तारे धडाधड जन्मताहेत. अंतर साधारण 7 कोटी प्रकाशवर्षं. माझ्या 8 इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून नुसता धुरकट ठिपका दिसतो, म्हणून मोजमाप हबलच्या खुल्या संग्रहातल्या प्रतिमांवर. तिथे एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ 17 प्रकाशवर्षं. अख्खा गुच्छ दोन-तीन पिक्सेलांत मावतो.

चूक झाली ती अशी. मी फक्त बी (निळा), व्ही (हिरवा-पिवळा) आणि आय (अवरक्ताजवळचा) या तीन फिल्टरवर भरवसा ठेवला. दोन फिल्टरमधल्या तेजाचा फरक म्हणजे रंग; आकडा जितका लहान तितका गुच्छ निळा. बी−व्ही आलं 0.4, व्ही−आय 0.75. वयानुसार गुच्छाचा रंग कसा बदलतो हे दाखवणाऱ्या मॉडेलच्या आलेखावर हे रंग म्हाताऱ्या गुच्छाच्या रेषेवर अलगद बसले. पण धूळही प्रकाश लालच करते, आणि या दोन रंगांत धुळीची दिशा आणि वयाची दिशा जवळजवळ एकच. आता यू (अतिनील) फिल्टरची प्रतिमा जोडली, तर यू−बी −0.57! म्हाताऱ्या गुच्छाला इतकं निळं असणं जमतच नाही. धुळीमुळे व्ही मधला प्रकाश 1.9 प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्यांच्या तेजाचं माप) कमी झालाय असं धरलं, की चारही फिल्टर एकाच वयावर येतात. म्हणजे गुच्छ दिसतो त्याच्या पावणेसहापट तेजस्वी आहे.

खात्रीसाठी हायड्रोजन-अल्फा, म्हणजे पेटत्या हायड्रोजन वायूची लाल वर्णरेषा, तपासली. भोवतीचा वायू पेटता ठेवतात ते अतिवजनदार तारे, आणि ते काही दशलक्ष वर्षांतच संपतात. तेव्हा ही रेषा ठळक असेल तर गुच्छ कोवळाच. मी 2 पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळात मोजलं, तर जवळजवळ काहीच नाही. दोन संध्याकाळी यात गेल्या. मग व्ही आणि आय वरून ताऱ्यांचा अखंड प्रकाश वजा करून प्रतिमा मोठी केली आणि दिसलं : गुच्छाभोवती रिकामी जागा, तिच्या कडेने तेजस्वी कडं. ताऱ्यांच्या वाऱ्यांनी वायू बाहेर ढकललाय. त्रिज्या 10 पिक्सेल केली आणि रेषा भरभक्कम मिळाली. तरुण गुच्छासाठी छोटं वर्तुळ पुरेसं पडेलच असं नाही, हे आता मी यादीतल्या सगळ्यांना लावतोय.

एक शंका उरली आहे. माझ्या यादीत 1 कोटी वर्षांजवळ गुच्छांची नको तेवढी गर्दी होते. त्या वयात लाल महाराक्षसी तारे उगवतात आणि रंगांची रेषा तिथे वळसा घेते, त्यामुळे वेगवेगळी वयं एकाच जागी येतात. हलक्या गुच्छात तर असा एखादाच तारा सगळा रंग बदलतो. म्हणून पुढच्या फेरीत 10 हजार सूर्यांहून हलके गुच्छ बाजूला काढून तोच आलेख पुन्हा काढणार आहे.