रेक्टरपदाला उभी राहिले, आणि ओंकारच्या वडिलांच्या नावापाशी अडले

निवडणूक हरले, त्याचं फारसं काही वाटत नाही. राग आहे तो छाननीचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्रूज, ग्लासगो, अबर्डीन, एडिंबरा आणि डंडी या पाच विद्यापीठांत रेक्टर नावाचं पद आहे. आपल्याकडे राज्यपाल झालं की कुलपतिपद आपोआप चालत येतं, कुणाला मत विचारत नाहीत. इथे कुलपती वेगळे, रोजचा कारभार बघणारे प्रिन्सिपल वेगळे, आणि रेक्टर मात्र विद्यार्थ्यांनी मतं देऊन निवडायचा (एडिंबरात कर्मचारीही मत देतात). मुदत तीन वर्षं, पगार नाही. मान मोठा, अधिकार बेताचा. पण 'कोर्ट' म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळात खुर्ची मिळते आणि मुलांची गाऱ्हाणी थेट तिथे मांडता येतात. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले गॉर्डन ब्राउन 1972 मध्ये विद्यार्थी असतानाच एडिंबराचे रेक्टर झाले होते. ग्लासगोच्या मुलांनी 2014 मध्ये अमेरिकेच्या हेरखात्याची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला निवडलं, तो रशियात अडकलेला आहे हे माहीत असूनही.

यांपैकीच एका विद्यापीठातून मी एमएस्सी केलं आणि त्याच गावात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. दर सप्टेंबरात नाशिक, कोल्हापूर, लातूरकडची मुलं येतात आणि पहिले काही आठवडे खोलीसाठी वणवण करतात. त्यांतलीच दोन-तीन जणं म्हणाली, "ताई, मोठी नावं येतात आणि फोटो काढून जातात. तुम्ही इथेच राहता, तुम्हीच उभ्या राहा ना." मी हो म्हटलं. घरी आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अनामत रक्कम किती?" अनामत नव्हती. तेवढं एक बरं होतं.

उमेदवारी अर्जात अवघड काही नाही. स्वतःची माहिती, संमतीची सही, छोटं निवेदन, आणि सूचक म्हणून विद्यार्थ्यांच्या सह्या. प्रत्येक सहीपुढे नाव आणि विद्यार्थी क्रमांक. संक्रांतीचं हळदीकुंकू जवळच होतं. तिळगूळ वाटता वाटता निम्म्या सह्या झाल्या, बाकीच्या मुलांनी लायब्ररीच्या दारात उभं राहून मिळवल्या. गरजेपेक्षा जास्तच भरल्या होत्या.

मुदत संपायला थोडा वेळ उरला असताना निवडणूक कचेरीतून मेल आला: बऱ्याच सह्या अवैध, कारण नाव नोंदीशी जुळत नाही.

यादी उघडली. ओंकार पाटील, बाद. का? तर पासपोर्टवर त्याचं नाव 'ओंकार संभाजी पाटील', विद्यापीठाची नोंद पासपोर्टवरून, आणि पोराने सही करताना वडिलांना मधे घेतलं नाही. साताऱ्याची एक मुलगी बाद, कारण लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण वर्गात सगळे तिला जुन्याच आडनावाने ओळखतात. एका तमिळ मुलाला आडनावच नाही. नोंदीत त्याचं एकच नाव दोनदा छापलंय, त्याने अर्थातच एकदा लिहिलं. चिनी मुलींनी इथे घेतलेली एमिली, ग्रेस अशी नावं घातली होती, त्या सगळ्या गेल्या. विद्यार्थी क्रमांक मात्र प्रत्येकाचा बिनचूक. एका क्रमांकाचा दुसरा माणूस असूच शकत नाही, मग नाव कशाला ताडून बघता, असं मी विचारलं. उत्तर आलं, नियमात 'नाव आणि क्रमांक' असं आहे.

त्याच यादीत माझं लक्ष एका ओळीकडे गेलं. 'जेमी' अशी सही होती आणि ती वैध होती. जेमी म्हणजे जेम्स हे त्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक. ओंकार पाटील म्हणजेच ओंकार संभाजी पाटील, हे मात्र कुणाच्या डोक्यात येईना. मी हे शब्दशः लिहून पाठवलं. सोबत आपल्याकडे नाव कसं बनतं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, हेही समजावलं. विनंतीचा सूर ठेवायचा असं ठरवलं होतं, तो दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला.

उत्तराची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. ज्यांना कुणाला हे करायचंय त्यांना सांगते: सही घेताना विद्यार्थ्याचं ओळखपत्र हातात घ्या, त्यावरचं नाव तुम्ही स्वतः उतरवा आणि त्याला फक्त सही करू द्या. त्या रात्री आम्ही होस्टेलच्या स्वयंपाकघरात हेच केलं. एका मुलाने सगळ्यांना मॅगी करून घातली. सकाळी नवीन कागद दिले. दुपारी निवडणूक अधिकाऱ्याचा मेल आला की उमेदवारी वैध, शिवाय माझ्या पत्राचा विचार करून आधीच्या काही सह्याही ग्राह्य धरल्यात. ओंकार त्यात होता. मी लॅबमध्ये होते, तिथेच मोठ्याने "झालं एकदाचं!" म्हणाले, मराठीत.

छाननीला कमी लेखू नका. एडिंबरात 2024 मध्ये लेखक सायमन फॅनशॉ बिनविरोध रेक्टर झाले. कागद पुरे असलेला एकटाच उमेदवार उरला की मतदानाची वेळच येत नाही.

पुढचं सगळं सरळ झालं. उमेदवारांची जाहीर चर्चा झाली, तिथे खोलीभाड्यावर बोलले आणि टाळ्या मिळाल्या. मतदान ऑनलाइन, पसंतीक्रमाने, म्हणजे आपल्या पदवीधर मतदारसंघासारखं 1, 2, 3 लिहायचं. त्यामुळे "पहिली पसंती दुसऱ्याला असेल तर दुसरी मला द्या" असं मोकळेपणाने मागता येतं. हे मला उशिरा सुचलं, तुम्ही पहिल्या दिवसापासून मागा. निवेदनही लांबवू नका, मुलं फोनवर वाचतात. आणि सह्या गरजेच्या दुप्पट जमवा, हे खरं तर वरच सांगायला हवं होतं.

निवडून आल्या त्या बाई चांगल्या आहेत. अभिनंदनाच्या मेलमध्येच मी त्यांना पहिली मागणी कळवली: सूचकांच्या अर्जावर 'ओळखपत्रावर आहे तसं नाव' एवढी एक ओळ छापून घ्या. त्यांनी कोर्टाच्या पुढच्या बैठकीत विषय काढते असं कळवलंय. बैठक मार्चमध्ये आहे.