फायरवॉल म्हणे ‘अडवलं’, पण माहिती गेली होती

पैसे भरून घेतलेला पर्सनल फायरवॉल (इंटरनेटवरची ये-जा तपासणारा प्रोग्राम) लॅपटॉपवरची माहिती खरंच बाहेर जाऊ देत नाही का, हे मी स्वतः तपासलं. मी घरूनच लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरते. त्यांचे पॅन, फॉर्म १६, बँकेचे उतारे माझ्या भरवशावर असतात. नुसत्या जाहिरातीवर विसंबून कसं चालेल? विंडोजचा स्वतःचा फायरवॉल बाहेरून येणारं अडवतो, पण बाहेर जाणाऱ्याला वेगळा नियम केला नसेल तर मोकळीकच असते. म्हणून हा खर्च केला होता.

सुरुवातीच्या चाचण्या चटकन उरकल्या. कर्लने (इंटरनेटवर माहिती पाठवणारा-आणणारा छोटा प्रोग्राम) माहिती पाठवू पाहिली, तर फायरवॉलने परवानगी मागितली. कर्लला ब्राउझरचं नाव दिलं, तरी ओळखलं. ही युक्ती जुनीच, स्टीव्ह गिब्सन यांच्या फायरवॉल तपासायच्या ‘लीकटेस्ट’ प्रोग्राममध्ये २००० च्या सुमाराला होती.

सगळं अडलं ते डीएनएसपाशी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेपाशी. विंडोजमध्ये बहुतेक प्रोग्राम साइटचा पत्ता स्वतः शोधत नाहीत, ते काम विंडोजच्या डीएनएस क्लायंट सेवेला सांगतात. त्या सेवेला परवानगी असतेच, नाहीतर इंटरनेट चालणार नाही. मग चोरट्या प्रोग्रामने साइटच्या नावातच माहिती घातली, तर ती विचारणेसोबत त्या नावाच्या मालकाच्या सर्व्हरपर्यंत जाणार नाही का? नावाच्या एका तुकड्यात ६३ अक्षरं मावतात, पॅनला १० पुरतात. मी माझ्या डोमेनचा एक भाग माझ्याच भाड्याच्या सर्व्हरकडे वळवला, तिथे येणाऱ्या डीएनएस विचारणांची नोंद चालू केली आणि त्या नावाच्या सुरुवातीला खोटा पॅन जोडून पिंग केलं (समोरचा संगणक उत्तर देतो का, ते पाहणारी आज्ञा). फायरवॉलने लाल अक्षरांत ‘पिंग अडवलं’ असं दाखवलं. पण नावाची विचारणा त्याआधीच गेली होती. सर्व्हरच्या नोंदीत तो पॅन अक्षरशः जसाच्या तसा!

कंपनीला नोंदीसकट मेल केला. उत्तर आलं: पिंग अडवलं आहे, फायरवॉल व्यवस्थित चालतोय. पुन्हा समजावून लिहिलं, तर म्हणे फायरवॉल काढून परत टाका. एकानेही सर्व्हरची नोंद उघडून पाहिली नव्हती. माझा प्रश्न पिंगचा नव्हताच, पॅनचा होता! दुसऱ्यांची माहिती सांभाळणाऱ्याला असं वाटेला लावलेलं मला अजून सहन होत नाही. शेवटी तांत्रिक विभागाच्या एकीने फोन केला आणि दोन मिनिटांत सांगितलं: प्रगत सेटिंगमध्ये डीएनएस विचारणा प्रत्येक प्रोग्रामनुसार तपासण्याचा पर्याय आहे, तो मुळात बंद असतो.

चालू केला. आता पिंगने नाव विचारायच्या आधीच फायरवॉल मला विचारतो. नकार दिला की सर्व्हरवर काहीच उमटत नाही. ती कोरी नोंद पाहून फार बरं वाटलं.

हो, दर वेळी नवं नाव वापरा. तेच नाव पुन्हा विचारलं तर उत्तर साठवणीतून मिळू शकतं, सर्व्हरवर काही दिसत नाही आणि गळती थांबली असं वाटतं. खरा पॅन चाचणीत कधीच घालू नका. आणि कंपनीला लिहाल तेव्हा पहिल्याच ओळीत ‘डीएनएस’ लिहून थेट तांत्रिक विभागाकडे पाठवायला सांगा.