माणसं कशाला आणता?

"जंगल वाचवायचं म्हणता, मग तिकीट लावून तिथं माणसं कशाला आणता?" हे मला नांदेडच्या नातेवाइकांनी विचारलंय, कॅमेरे घेऊन येणाऱ्या डॉक्टरांनी विचारलंय, माहेरच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या विचारलंय. ज्यांना तिकीट महाग वाटतं ते बरोबर उलटं विचारतात. एवढी जागा आहे तर हुरडा पार्टी का ठेवत नाही, प्री-वेडिंगवाल्यांना का परत पाठवता, भिगवणला बघा, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी दाखवून मच्छीमारांची घरं चालतात. दोघांनाही मी आजवर दोन वाक्यांत वाटेला लावलं. परवा तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या फुगवट्यातलं आमचं बन तुम्ही पाहिलंय, त्यामुळं अर्जुन, करंज, उंबर, वाळुंज यांची ओळख करून देत नाही. एवढंच लक्षात घ्या की या काठावर पाण्याचं वर्ष कोर्टानं ठरवून दिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या निकालाप्रमाणं बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलैला उघडतात आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडेच राहतात. त्यानंतर नदीला धार उरली असेल तर पाणी अडतं, काठ चढतं, खालच्या बाभळी पाण्यात उभ्या राहतात आणि पक्षी उतरतात. म्हणून आमचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि नांदेड जिल्ह्याचं जंगल म्हटलं की सगळ्यांना किनवट-माहूर आठवतं. गोदाकाठची ही पट्टी गायरानात मोडते. तिला वनरक्षक नाही, कुंपण नाही. राखायची तर गावानंच.

आता उत्तर. पाहुण्यांमुळं बन वाचत नाही, हे मलाही मान्य आहे. पाहुणे पायवाटा रुंद करतात, मोठ्यानं बोलतात, बाटल्या टाकून जातात. ते पैसे देतात, आणि ते पैसे ज्या घरांनी बनात जायचं सोडलं त्या घरांना द्यायचे असतात. सोडायला लावलं, असं म्हणा हवं तर. मामी तसंच म्हणते.

मामी माझी सख्खी नव्हे, गावच्या नात्यानं. नवरा गेलेला, वावर नाही, उस्मानाबादी काळ्या शेळ्यांवर घर चालायचं. जैवविविधता कायदा 2002चा, पण आमच्याकडं गावोगावच्या जैवविविधता समित्या हलल्या त्या हरित लवादानं लोक जैवविविधता नोंदवहीसाठी, म्हणजे गावातली झाडं, जीव आणि त्यांची माहिती लिहायच्या वहीसाठी, जानेवारी 2020अखेरची मुदत घातली तेव्हा. बऱ्याच ठिकाणी वह्या टेबलावर बसून भरल्या गेल्या. मी समितीत होते आणि मला तसं करायचं नव्हतं. कुठल्या झाडाला कधी बहर येतो, हे गावात नीट कुणाला ठाऊक होतं? मामीला. मग तिच्या शेळ्यांमागं मीही हिंडले. पाणी ओसरल्यावर गाळात आधी कोणतं रोप वर येतं, वाळुंज कुठं रुजतो, टिटवी अंडी कुठं घालते. अर्जुनाची साल एकाच अंगानं काढायची, फिरवून काढली की झाड वाळतं. ती सांगायची, मी लिहायची. त्या वहीतली निम्मी पानं तिची आहेत.

त्याच वहीच्या आधारानं आम्ही ग्रामसभेत ठराव आणला, बनात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. नवी रोपं तगत नव्हती. म्हाताऱ्या अर्जुनांखाली एक तरणं झाड दिसत नव्हतं, आणि हेसुद्धा मला तिनंच दाखवलेलं. ठराव मी वाचला. मामी मागं बायकांत बसली होती. ती उठली.

"सूनबाई, हायवा आले तवा ही वही कुठं होती?"

कुणी बोललं नाही. ज्यांचे हायवा, म्हणजे वाळू वाहणारे डंपर, रात्र-रात्र नदीत असायचे, ते पुढच्या रांगेत होते आणि हात वर करायला तयार होते. चराईबंदीनं त्यांचं काहीच जात नव्हतं. त्यांच्या म्हशी गोठ्यात, कडबा आखाड्यावर रचलेला. मामीनं परत विचारलं, "माझ्या शेळीच्या तोंडानं नदी खचली का?" मी म्हणाले, मामी, वाळूचाही ठराव घेऊ. "घ्या की. आधी तो घ्या."

आधी तो घेतला नाही. त्याला पुढं बराच काळ लागला. चराईबंदी मात्र त्याच दिवशी, त्याच बैठकीत मंजूर झाली.

पावसाळ्यात राखणदारानं तिच्या शेळ्या धरून कोंडवाड्यात घातल्या. नियमानं घातल्या. दंड भरायला पैसे नव्हते म्हणून ती उसने मागायला माझ्याच दारात आली. मी दिले. तिनं मोजून घेतले आणि म्हणाली, "तूच धरायच्या अन् तूच सोडवायच्या." नंतर तिनं सगळ्या शेळ्या बाजारात नेऊन विकल्या. पडत्या भावात, गाभण होती तीसुद्धा. दसरा झाला, लेक-सून ऊसतोडीला निघाले. ट्रॉलीत भांड्या-कुंड्यांच्या मध्ये, सरपणाच्या मोळीला टेकून तीही बसली होती, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, नातवंडं सांभाळायला. ज्या वयात माणसं ओसरीवर बसतात त्या वयात. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. ती माझ्याशी बोलली नाही. त्या हिवाळ्यात मी बनात गेले की मला रोपं दिसायची आणि बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून घरी येऊन जेवण जायचं नाही.

तिकीट तिथून आलं. एका वेळेला ठरावीकच माणसं, सोबत गावातला वाटाड्या, भोयांच्या वल्ह्याच्या होड्या, मोटार नाही. बचत गटाच्या बायका ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, येसर करतात. जमेतून आधी राखणदाराचा पगार, आणि राहील ते शेळ्यांवर जगणाऱ्या घरांना, चाऱ्यासाठी किंवा रोजानं. हुरडा पार्टी ठेवत नाही, कारण हुरड्याला ज्वारीचं वावर लागतं आणि तो पैसा ज्याचं वावर त्याच्याच घरात जातो. ज्यांचं बन बंद झालं त्यांना वावरच नाही. भिगवणचं म्हणाल तर तिथं अफाट पाणी आहे. आमची काठाची चिंचोळी पट्टी, एका टोकाला कुणी गाणी लावली की दुसऱ्या टोकाचे पक्षी उठतात. प्री-वेडिंगवाल्यांचं उत्तर यातच आलं.

तेव्हाची मी आज समोर आली तर आमचं भांडण होईल. ती म्हणेल, रोपं गेली तर शेळ्यांनाही काही उरणार नाही, मग मामीला तरी काय मिळालं असतं? यावर माझ्याकडं उत्तर नाही, कारण ते खरं आहे. करंज आणि जांभूळ आता डोक्याच्या वर गेलेत, जाऊन बघा. ठराव चुकला असं मी म्हणणार नाही. पण ती पुढं असंही म्हणेल की पाहुण्यांच्या पैशातून सगळ्यांची भरपाई होईल, आणि इथं मी तिला थांबवेन. आमचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच. मुकादम एका जोडप्याला जी आगाऊ उचल देतो, तिच्या जवळपासही आमचे पैसे पोचत नाहीत. दोन घरं थांबली, बाकीची अजून जातात. ज्या साली पाऊस हात देत नाही त्या साली फुगवटाच होत नाही, पक्षी नाहीत, पाहुणे नाहीत. चराईबंदी मात्र त्या सालीही असते.

आणि मामी. ती आता गावातच असते. गटात स्वयंपाकाला ये म्हणून मी स्वतः गेले होते. "लोकांची ताटं उचलायला म्या शेळ्या इकल्या का?" म्हणाली. वाटाड्या म्हणून चल, तुझ्याएवढं बन कुणाला कळतं, असंही सांगून पाहिलं. त्यावर ती नुसती हसली. चाऱ्याचे पैसे ती घेते, सही करून. पुन्हा दोन शेळ्या घेतल्यात, दारातच बांधून असतात.

आता तिचं म्हणणं असं की उन्हाळ्यात, बन रिकामं असताना, मागची वेड्या बाभळीची बाजू शेळ्यांना उघडा. मी नको म्हणते. शेळ्या त्या शेंगा खातात, बी लेंड्यांतून जिथं तिथं पडतं आणि वेडी बाभूळ आणखी आत सरकते. बनाची एक कड या बाभळीनं आधीच खाल्लीये. मामी म्हणते, मग शेंगा येचून घरी आणते, दारात घालते, तवा तर बी तिथं पडणार नाही ना? समितीतले काही जण म्हणतात, एकीला आत सोडलं की उद्या सगळे कुऱ्हाडी घेऊन येतील. मला तिचं पटतंय आणि त्यांची भीतीही खोटी वाटत नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय आहे. या वेळी ठराव मी वाचणार नाही, तो मामीनं मांडावा असं मी सरपंचांना सांगितलंय. ती मांडेल की नाही, तिनं अजून कळवलेलं नाही.

तुम्हाला यायचं असेल तर नोव्हेंबरनंतर या, आधी कळवा, आणि पैसे कमी करा असं म्हणू नका.