हाऊ कुत्रा कोना शे?

नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाकडे कचरा, गटारी नि फवारणी असते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. कुत्र्यांच्या लायसनची वहीही त्याच्याच टेबलावर असते, हे कुत्रा पाळणाऱ्यांनाही माहीत नसतं. मालकाचं नाव, जात, रंग, नर-मादी, रेबीजच्या लसीची तारीख, बॅच नंबर असे तिचे रकाने. आमच्या वहीत कॉलनीतले लॅब्राडॉर आहेत, जर्मन शेफर्ड आहेत, आणि पांढरा केसाळ दिसला की पामेरियन. गावठी एकही नाही. जुन्या गावात ओट्याओट्यावर तेच बसलेले असतात.

मे महिन्यात भर दुपारी फोन आला, सात वर्षांच्या पोराला कुत्रा चावला. मुकादमाला घेऊन पोहोचलो तोवर पोराला दवाखान्यात नेलं होतं. पोटरीत दोन दात खोल रुतलेले, रक्त आलेलं, म्हणजे चाव्याची तिसरी, सगळ्यांत गंभीर श्रेणी. त्याला नुसती लस पुरत नाही, जखमेत सिरमही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, भरावं लागतं; त्यासाठी पुढे जळगावला पाठवलं. जखमेत कोणीतरी तिखट दाबलेलं होतं. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा, असं आम्ही दर वर्षी भिंतीभिंतीवर रंगवतो. आपल्या लोकांचा हात आधी तिखटाच्या डब्यातच जातो.

माझं काम कुत्रा गाठायचं. चावल्यापासून दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरता येतं. त्यासाठी तो डोळ्यांसमोर बांधलेला हवा, आणि बांधायला कोणीतरी मालक हवा.

कुत्रा सापडायला वेळ लागला नाही. तपकिरी, एक कान फाटका, एका ओट्याखाली सावलीला धापा टाकत पडलेला. घरातला मुलगा दारात उभा.

"हाऊ कुत्रा कोना शे?"

"आमना नही शे, साहेब. गल्लीना शे. आम्ही फक्त भाकर टाकतस."

मी वाकून पाहिलं. मानेभोवती दोन बोटं रुंदीची खूण होती. केस चपटे, एका जागी पार झिजून कातडी दिसत होती. वर्षानुवर्षं पट्टा असल्याशिवाय असा वण पडत नाही. पट्टा मात्र नव्हता. खिडकीच्या गजाला साखळी तेवढी लोंबत होती.

मुलाचा मला रागही येईना. त्याने मोबाइलवर वाचलं होतं: भारतीय न्याय संहिता, कलम २९१. जनावराच्या बाबतीत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. शिवाय २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याची लस नि नसबंदी मालकाच्या खर्चाने, गल्लीतल्याची पालिकेच्या. एवढं वाचल्यावर कोण म्हणेल, माझा आहे म्हणून?

तोवर पोराचे काका दांडकी घेऊन आले. मुकादम जुना माणूस. पूर्वी कणकेच्या गोळीत विष घालायचे नि सकाळी ट्रॅक्टर फिरवायचे, ते त्याने पाहिलेलं. आता तसं करता येत नाही, संशय असला तरी वेगळं ठेवून नजर ठेवायची, हे मी काकांना सांगत होतो. मुकादम मध्येच मोठ्याने म्हणाला, "बेवारस आहे ना? मग टाका गाडीत." असं बोलायला मी त्याला सांगितलं नव्हतं. पण थांबवलंही नाही.

आतून आजी आली. हातात कळण्याची अर्धी भाकर तशीच.

"मना टिप्या शे तो. मना नाववर लिखी ल्या."

मुलगा ओरडला, तिने लक्ष दिलं नाही. पट्टा धान्याच्या कोठीमागून निघाला. मी जबाब लिहिला, तिने थरथरत सही केली.

लायसन मात्र देता येईना. लसीच्या दाखल्याशिवाय लायसन नाही, आणि नजरेखालच्या कुत्र्याला त्या दहा दिवसांत लस टोचायची नाही; मध्येच आजारी पडला तर आजार कशाचा तेच कळणार नाही, असं पशुवैद्यकांनी बजावलं. म्हणून वहीत पेन्सिलीने नोंद केली. रोज संध्याकाळी मुकादम चक्कर मारायचा: भाकर खाल्ली, पाणी प्याला, ओळख देतो. दहा दिवस पार पडले, लस झाली, बिल्ला दिला. आमच्या वहीतला पहिला गावठी. पोरगंही ठणठणीत, लसीचे डोस चालू होते.

मग पोराच्या बापाचा माहितीच्या अधिकारात अर्ज आला. कुत्र्याच्या मालकाच्या जबाबाची नि लायसनच्या नोंदीची प्रत पाहिजे. पोलिसांनी त्याला विचारलं होतं, मालक कोण, याला पुरावा काय? गल्लीत कोणी तोंड उघडत नाही. पुरावा एकच, आजीची सही.

त्याचं चुकतं असंही म्हणवत नाही. पोराला हातावर घेऊन भर उन्हात जळगावला तोच पळाला होता. पण उद्या ही प्रत गल्लीत फिरली, तर पुढच्या चाव्याला कोणती आजी भाकर घेऊन बाहेर येईल? वरिष्ठ म्हणतात, कायद्यात बसेल ते करा. ते एवढंच म्हणतात, नेहमीच.

त्रयस्थ पक्ष मध्ये असला की उत्तराची मुदत चाळीस दिवसांची. त्याआधी त्रयस्थ पक्ष म्हणून आजीला नोटीस द्यायची आहे. तिला वाचता येत नाही, म्हणजे नोटीस नेऊन तिला वाचून दाखवायचीही मलाच.